बेळगाव सीमाभागातली उद्योग खात्री: रोज चांगला, पावती मात्र मागून घ्या

कर्नाटकात उद्योग खात्रीच्या (नरेगाच्या, म्हणजे केंद्राच्या रोजगार हमीच्या) कामाचा २०२५-२६ चा रोज ३७० रुपये होता, आणि खालचे हिशेब त्याच दरानं आहेत. बाईला तेवढाच आणि पुरुषालाही तेवढाच. शिनोळीची हद्द ओलांडून चंदगडात गेलं किंवा कोगनोळी नाक्यापलीकडे कागलात गेलं, म्हणजे महाराष्ट्रात, तर याच योजनेत त्या वर्षी ३१२ रुपये मिळत. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं तर ३७८. म्हणजे दराच्या बाबतीत खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी, रायबाग, कागवाड, अथणी या पट्ट्यातल्या मजुराला तक्रारीला फार जागा नाही. घराला वर्षाचे शंभर दिवस पूर्ण मिळाले तर ३७,००० रुपये होतात. भात कापणी संपल्यापासून पुढची लावण येईपर्यंतच्या महिन्यांत ही रक्कम घराला मोठा आधार देते.

बहुतेक घरांचे शंभर दिवस भरत नाहीत. त्याचं कारण दरात नाही. ते ग्रामपंचायतीच्या खिडकीवर आहे, म्हणून हे परीक्षण त्या खिडकीचं आहे: अर्ज दिल्यापासून पैसे खात्यावर पडेपर्यंत सेवा कुठं नीट चालते, कुठं अडते आणि अडली तर काय करायचं.

आमचं मत आधीच सांगतो. दराला आणि बाई-पुरुष समान मजुरीला पूर्ण गुण. हजेरी आणि पैसे पोचण्याला निम्मे. काम मागण्याच्या टप्प्याला पाचापैकी एक, तोही फक्त कायदा चांगला लिहिलाय म्हणून.

हमीची कल्पना आपल्या शेजारचीच. अथणी-कागवाडला लागून असलेल्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये वि. स. पागे यांनी ती प्रथम करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं ती मोठ्या प्रमाणावर राबवली, १९७७ मध्ये कायदा केला आणि १९७९ पासून तो लागू झाला. देशाचा कायदा, म्हणजे नरेगा, २००५ चा. या लेखातले नियम त्याच कायद्याचे आहेत; त्याच्या जागी डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या नव्या कायद्याबद्दल पुढं येईल. २ फेब्रुवारी २००६ ला तो पहिल्या २०० जिल्ह्यांत आला, बेळगाव जिल्हा दुसऱ्या टप्प्यात, २००७ मध्ये. विसापूरपासून आजपर्यंत मुद्दा एकच राहिलाय: काम सरकारनं द्यायचं ते मजुरानं मागितल्यावर, आणि मागितल्यावर नाही म्हणायचं नाही. मागणीची नोंदच झाली नाही तर हमी उरत नाही. मग पंचायतीला सोयीचं असेल तेव्हा निघणारं एक सरकारी काम तेवढं उरतं.

सीमाभागात पहिली अडचण शब्दांची. फॉर्म, कार्ड, नोटीस सगळं कन्नडमध्ये. काही शब्द पाठ असले की निम्मं काम सोपं होतं. जॉबकार्डाला 'उद्योग चीटी' म्हणतात. काम मागायच्या अर्जाला 'नमुने आरु', म्हणजे नमुना ६. पोचपावतीला 'स्वीकृती'. मजुरीला 'कूली'. मोजमापाला 'अळते'. वार्षिक आराखड्याला 'क्रियायोजने'. बेकारी भत्त्याला 'निरुद्योग भत्ये'. आणि 'कामगारी' या शब्दावर मराठी माणूस हमखास फसतो: तो कामगारांबद्दल नाही, हाती घेतलेल्या कामाबद्दल आहे. नोटीस बोर्डावर 'कामगारी'खाली रक्कम दिसली तर ती त्या चरीची किंवा रस्त्याची अंदाजित रक्कम समजा. अर्ज मराठीत लिहून दिला तरी पंचायतीनं तो घ्यायला हवा, पण वाद टाळायचा असेल तर कन्नड नमुना ६ भरा आणि त्याच्या मागच्या बाजूला तीच मागणी मराठीत लिहा. कार्डावरच्या नोंदी घरातल्या शाळकरी मुलांकडून वाचून घ्या. कन्नड त्यांना शाळेत शिकवलेलं असतं.

कार्ड काढणं सोपं आहे आणि ते फुकट आहे. नमुना १, घरातल्या प्रौढांचे फोटो, आधार, रेशनकार्ड आणि बँक पासबुकाची झेरॉक्स. पंधरा दिवसांत कार्ड हातात मिळायला हवं आणि ते पाच वर्षं चालतं. फोटोचे किंवा झेरॉक्सचे सोडून कुणी पैसे मागितले तर ते बेकायदा. इथं एक गोष्ट लोक विसरतात. शंभर दिवस माणसाला नाहीत, घराला आहेत, आणि घर म्हणजे एका चुलीवर जेवणारे. दोन भावांच्या चुली वेगळ्या, पण कार्ड अजून आईच्या नावावर एकच असेल, तर दोन घरांत मिळून शंभरच दिवस मिळतात. रेशनकार्ड वेगळं झालं की लगेच वेगळी उद्योग चीटी मागा. कार्ड मजुराच्याच घरी राहिलं पाहिजे. पंचायतीत किंवा कामावरच्या मेटकडे (मुकादमाकडे) ठेवलेल्या कार्डावर कोणती हजेरी चढली ते घरच्यांना कळत नाही.

आता मुख्य टप्पा, मागणी. नमुना ६ मध्ये नाव, कार्ड नंबर (कर्नाटकातले नंबर 'केएन'नं सुरू होतात), किती दिवस काम हवं आणि कोणत्या तारखेपासून, एवढंच लिहायचं असतं. किमान चौदा दिवस सलग मागायचे. अर्ज एकट्यानं देता येतो, गटानंही देता येतो, आणि गटानं दिलेला बरा, कारण वीस जणांची मागणी आली की पंचायतीला एक काम उघडणं परवडतं. बऱ्याच पंचायतींत 'ग्राम कायक मित्र' म्हणून नेमलेली बाई असते. अर्ज भरून घेणं, मजूर जमवणं हे तिचं काम. कामावर हजेरी घेणाऱ्या मेटला इथं 'कायक बंधू' म्हणतात. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) जागेवर नसतील तर तालुका पंचायतीत कार्यक्रम अधिकाऱ्याकडे अर्ज देता येतो. कायद्यात दोन्ही दारं उघडी आहेत.

अर्ज दिला की तारीख घातलेली स्वीकृती मिळालीच पाहिजे. तिथून पंधरा दिवसांत काम, किंवा पुढची तारीख मागितली असेल तर त्या तारखेला. काम मिळालं नाही तर सोळाव्या दिवसापासून बेकारी भत्ता: पहिले तीस दिवस रोजाच्या किमान पाव, पुढं किमान अर्धा. ३७० चा पाव म्हणजे ९२ रुपये ५० पैसे, अर्धा म्हणजे १८५. चौदा दिवस मागितले आणि एकही दिवस काम दिलं नाही, तर एका माणसाचे १,२९५ रुपये निघतात. वीस जणांच्या गटाचे २५,९००.

सगळं अडतं ते इथंच. मजुरी केंद्र सरकार देतं, पण बेकारी भत्ता राज्याच्या तिजोरीतून जातो, आणि तो निघाला की काम वेळेत का दिलं नाही याचा जाब कुणाला तरी द्यावा लागतो. म्हणून खिडकीवर अर्ज घेतात, पावती देत नाहीत. 'काम निघालं की सांगतो' एवढंच उत्तर मिळतं. मग महिन्या-दीड महिन्यानं चर निघते, आणि संगणकात त्या सगळ्यांची मागणी त्याच आठवड्याची म्हणून चढते. कागदावर मागणी आणि काम यांत दोन दिवसांचं अंतर दिसतं, भत्त्याचा प्रश्नच उठत नाही. घरी मात्र सहा आठवडे बसून गेलेले असतात. हा एका पंचायतीचा दोष नाही. रचनाच अशी आहे की पावती न देणाऱ्याला काहीही त्रास होत नाही आणि देणाऱ्याला होऊ शकतो.

यावर उपाय आहेत. अर्ज दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. शिक्का नाकारला तर त्याच दिवशी पोस्टात जाऊन स्पीड पोस्टानं पीडीओंच्या नावे पाठवा आणि एक प्रत तालुका पंचायतीला. पोस्टाच्या पावतीवरची तारीख कुणी पुसू शकत नाही. आठ दिवसांनी नरेगाच्या वेबसाइटवर कर्नाटक, बेळगावी, तालुका, पंचायत असं उतरत जाऊन आपलं कार्ड उघडा आणि 'मागणी' या रकान्यात तुमचीच तारीख चढलीय का ते बघा. चुकीची चढली असेल तर ती दुरुस्त करण्याची मागणी लेखी करा आणि सोबत पावतीची झेरॉक्स जोडा. खानापूर भागात काही वर्षं बायकांच्या संघटनांनी आणि ग्राकूससारख्या मजूर संघटनेनं हाच आग्रह धरलाय: आधी पावती, मग बाकीचं बोलणं. जिथं दहा-वीस बायका एकदम खिडकीवर उभ्या राहतात, तिथं स्वीकृती मिळते. एकट्या गेलेल्या बाईला उद्या या म्हणतात. म्हणून अर्जाला गटानंच जा.

काम राहत्या गावापासून पाच किलोमीटरच्या आत हवं. त्यापलीकडे दिलं तर रोजाच्या दहा टक्के, म्हणजे ३७ रुपये जादा. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटी बाजूला, एकेका पंचायतीत लांबलांबच्या वाड्या आहेत. तिथं हे ३७ रुपये अनेकांच्या हक्काचे असतात, आणि क्वचितच कुणी मागतं. कामावर पिण्याचं पाणी, सावली, औषधपेटी असलीच पाहिजे. सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली तर ती सांभाळायला एक बाई, आणि तिलाही रोज तोच. कर्नाटकात त्याशिवाय 'कूसिन मने' नावाची पाळणाघरं पंचायत पातळीवर सुरू झाली आहेत, तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. चालू आहेत तिथं ती खरंच उपयोगाची आहेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, साठीच्या पुढची माणसं आणि अपंग यांना कर्नाटकात निम्म्या मापाला पूर्ण रोज आहे. ही सवलत कायक बंधूला आठवण करून दिल्याशिवाय लागू होत नाही. कामावर लागलं तर उपचार फुकट, आणि दवाखान्यात ठेवावं लागलं तर त्या दिवसांचा किमान अर्धा रोज.

हजेरी आता मोबाईलवर. जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवर एनएमएमएस या हजेरीच्या अॅपवर दिवसातून दोनदा फोटो काढून चढवावा लागतो, आणि दोन्ही फोटोंत माणूस दिसायला हवा. पठारावर हे जमतं. घाटमाथ्यावरच्या गावांत रेंज नाही, आणि रेंज शोधायला कायक बंधू टेकडीवर गेला की इकडे काम बघायला कुणी नसतं. लक्षात ठेवायचं ते एवढं: मस्टर (हजेरीपट) सकाळीच रेंजमध्ये असताना मोबाईलवर उतरवून घ्यायचं, फोटो जागेवर काढून ठेवायचे आणि संध्याकाळी चढवायचे. अॅप बिघडलं आणि दिवस भरूनही हजेरी चढली नाही, तर तो दिवस आपोआप परत मिळत नाही. अशा वेळी जिल्हा पंचायतीचे सीईओ हातानं घेतलेली हजेरी मंजूर करू शकतात. त्यासाठी त्याच दिवशी कागदी हजेरीवर सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेऊन पीडीओंकडे लेखी द्यायला हवं. आठवड्यानंतर दिलेल्या अर्जाला वजन राहत नाही. या अॅपनं खोटी हजेरी थांबली असंही नाही. फोटोचा फोटो काढून चढवणं, एकाच गटाचा फोटो अनेक मस्टरांना लावणं हे प्रकार ग्रामविकास मंत्रालयानंच जुलै २०२५ च्या परिपत्रकात नोंदवलेत. म्हणजे त्रास खऱ्या मजुराला झाला आणि खोट्याला वाट सापडली.

मोजमापाबद्दल थोडं सविस्तर, कारण रोज ३७० असूनही हातात २८० का पडले याचं उत्तर इथं असतं. ३७० हा हजर राहण्याचा पगार नाही. जेवढी माती निघाली तेवढ्याचे पैसे, आणि सरकारी दरपत्रकातलं पूर्ण माप भरलं तरच ३७०. माप गटाचं घेतात. समजा वीस जणांनी सात दिवस चर खोदली. एकशेचाळीस दिवसांचे पूर्ण पैसे होतात ५१,८००. इंजिनिअरच्या टेपखाली तीन चतुर्थांशच माप भरलं तर ३८,८५० येतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला रोजी २७७ रुपये ५० पैसे. नेटानं खोदणाऱ्यालाही तेवढेच. म्हणून कायक बंधूनं पहिल्या दिवशीच प्रत्येक चार-पाच जणांना जमिनीवर आखून दिलं पाहिजे, आणि मापवहीत गट लहान ठेवायला सांगितलं पाहिजे.

माप कमी भरण्याची कारणं बहुतेक वेळा ठरलेली असतात. मजूर ब्रासमध्ये बोलतात, मापवही घनमीटरमध्ये असते. १० फूट लांब, ५ फूट रुंद, २ फूट खोल म्हणजे १०० घनफूट, एक ब्रास, म्हणजे २.८३ घनमीटर. हे गणित गटातल्या एकाला तरी यायला हवं. दुसरं कारण जमिनीचा प्रकार. खानापूर, बेळगावच्या पश्चिमेला वरची वीतभर माती निघाली की खाली जांभा लागतो. अंदाजपत्रक कार्यालयात बसून केलं असेल तर त्यात मऊ मातीचा दर असतो, आणि टिकावानं फोडलेल्या जांभ्याला मऊ मातीचे पैसे मिळतात. अथणीकडे काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते, तिथंही तसंच. जमीन कडक लागली की त्याच दिवशी इंजिनिअरला बोलावून दाखवा, खड्ड्याचा फोटो काढा आणि सुधारित दर लावायची मागणी करा. पाऊस पडून चर बुजल्यावर काही सिद्ध होत नाही. तिसरं, माती किती लांब आणि किती उंच टाकली याचे वेगळे पैसे असतात. तलावाच्या गाळकामात बुट्ट्या भरून बांधावर चढवतात, तेव्हा हे पैसे बरेच होतात आणि मापवहीत तो रकाना कोराच राहतो. चौथं, तळ्याच्या कामात मध्ये एखादा मातीचा खांब न खोदता सोडायचा, म्हणजे मूळ पातळी कुठं होती ते टेप लावताना कळतं. तो आधीच पाडला तर खोली अंदाजानं लिहिली जाते, आणि तो अंदाज सहसा मजुराच्या विरुद्ध जातो.

उन्हाळ्यात बेळगाव आणि कलबुर्गी विभागांत मापात सूट देतात, म्हणजे कमी मातीला पूर्ण रोज. ती चालू वर्षी किती आणि कोणत्या महिन्यांना आहे ते मार्चमध्येच विचारून ठेवा. आणि मोजणीच्या वेळी गटातले दोघं तरी टेपाजवळ उभे राहा. मापवहीतला आकडा वहीत उतरवून घेणं हा मजुराचा अधिकार आहे, त्यात उद्धटपणा काही नाही.

या योजनेत कंत्राटदार आणि यंत्र दोन्ही बंद आहेत. मजुरीचा वाटा किमान ६० टक्के, साहित्याचा जास्तीत जास्त ४०. रात्री जेसीबी लावून तळं खोदायचं आणि दिवसा मस्टरवर नावं चढवायची, याचं नुकसान गावाला दुहेरी होतं: मजुराचा दिवस जातो आणि त्याच्या घराच्या शंभरांतून तो वजाही होतो. आपल्या कार्डावर न केलेल्या कामाची हजेरी 'थोडे पैसे मिळतात' म्हणून चढू देऊ नका. एप्रिलमध्ये खरंच गरज लागेल तेव्हा दिवस संपलेले असतील.

पैसे. मस्टर बंद झालं की मापवही, मग मजुरीची यादी, मग दोन डिजिटल सह्यांनी पैसे वर्ग करण्याचा आदेश, इथपर्यंत आठ दिवस. पुढं दिल्लीहून थेट खात्यात. एकूण पंधरा दिवसांत मजुरी मिळालीच पाहिजे. उशीर झाला तर सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाई. सहा दिवसांचे २,२२० रुपये अडकले तर दिवसाला १ रुपया ११ पैसे, महिनाभर अडकले तर ३३ रुपये ३० पैसे. रक्कम नगण्य आहे आणि ती पंचायत-तालुका पातळीवरच्या उशिराचीच मोजली जाते, दिल्लीत अडकलेल्या दिवसांची नाही. हा या सेवेतला अन्याय आहे. ज्या घरात आठवड्याचा बाजार त्या पैशावर ठरतो, तिथं दिल्लीचा उशीर आणि पंचायतीचा उशीर सारखाच.

जानेवारी २०२४ पासून मजुरी फक्त आधारशी जोडलेल्या खात्यावर जाते. त्यातून सीमाभागात दोन अडचणी वारंवार दिसतात. पहिली: पासबुकाची झेरॉक्स कोणत्याही खात्याची दिली तरी पैसे त्या खात्यावर जातीलच असं नाही. आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं गेलं तिथं ते जातात. २०२३ मध्ये गृहलक्ष्मीसाठी (घरच्या कर्त्या बाईला दरमहा पैसे देणारी राज्याची योजना) पुष्कळ बायकांनी नवी खाती उघडली किंवा पोस्टाच्या बँकेत आधार जोडलं. 'खात्रीचे पैसे आले नाहीत' म्हणून पंचायतीत फेऱ्या मारण्याआधी ते खातं तपासा, बऱ्याचदा पैसे तिथं पडलेले असतात. गावच्या पतसंस्थेचं खातं यात चालत नाही. दुसरी अडचण नावाची. आधारवर, जॉबकार्डावर आणि पासबुकावर इंग्रजी स्पेलिंग एकच हवं. मराठीतलं ज्ञानेश्वर किंवा ज्ञानदेव आपण 'डी'नं लिहितो, कन्नड पद्धतीनं ते 'जे'नं लिहिलं जातं. बायकांचं माहेरचं आडनाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर असतं. नाव जुळलं नाही की आधार पडताळणी होत नाही आणि मजुरी परत फिरते. जॉबकार्डावरचं नाव आधारप्रमाणे दुरुस्त करून घेणं सर्वांत स्वस्त आणि लवकर होतं, त्यासाठी पंचायतीत अर्ज पुरतो. परत फिरलेली मजुरी बुडत नाही. खातं नीट झाल्यावर पंचायतीनं ती पुन्हा पाठवायची असते, पण त्यांना लेखी आठवण दिल्याशिवाय ती तशीच पडून राहते.

वैयक्तिक कामांची सेवा त्या मानानं बरी आहे. अनुसूचित जाती-जमाती, दारिद्र्यरेषेखालची घरं, बाई कर्ती असलेली घरं, अपंग कुटुंबप्रमुख आणि पाच एकरांपर्यंतचे शेतकरी, यांना स्वतःच्या शेतात बांध-बंदिस्ती, शेततळं, काजू-आंब्याची लागवड, गोठा करता येतो. गोठ्याला कर्नाटकात ५७,००० रुपये आहेत. घरकुल मंजूर असेल तर घराच्या अनुदानाशिवाय ९० दिवसांची मजुरी मिळते, ती मागायला विसरू नका. अट अशी की काम आधी क्रियायोजनेत हवं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत नाव लिहून घ्या, नंतर वर्षभर 'यादीत नाही' ऐकावं लागतं. कामाचा नंबर पडण्याआधी आणि सुरुवातीचा जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो निघण्याआधी पाया खोदू नका, पैसे मिळणार नाहीत. गोठ्यासारख्या कामात विटा, सिमेंट, पत्रे आधी स्वतःच्या पैशानं आणावे लागतात, आणि साहित्याचं बिल मजुरीपेक्षा पुष्कळ उशिरा येतं. त्यासाठी सावकाराकडे जायची वेळ येणार असेल तर गोठा एक वर्ष थांबवा आणि आधी बांध-बंदिस्ती घ्या. त्यात जवळपास सगळा पैसा मजुरीचा असतो आणि तो स्वतःच्याच घरात येतो.

मागणी कधी करायची हेही जागेवर ठरतं. खानापूरच्या पावसात जून ते सप्टेंबर मातीकाम होत नाही. तिथं काजूच्या खड्ड्यांचं काम मे महिन्यातच संपवून लावणी पावसाच्या सुरुवातीला करावी लागते. निपाणी-चिक्कोडीत उसाच्या तोडीला मजूर लागतात तोवर खात्रीच्या कामाला माणसं मिळत नाहीत, अथणीत मात्र सुगीनंतर लगेच गरज असते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात शंभराऐवजी १२५ दिवस आहेत, राज्याचा वाटा ४० टक्के आहे, आणि पेरणी-सुगीच्या मोसमात एकूण ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवता येतात. लावणीच्या चिखलात ज्यांना शेतावर रोज मिळतो त्यांना या बंदीचा त्रास नाही. ज्या म्हाताऱ्या बायकांना आता लावणीला कुणी बोलावत नाही, त्यांना आहे.

तक्रार आधी पंचायतीच्या तक्रार वहीत, मग तालुका पंचायतीत कार्यक्रम अधिकाऱ्याकडे. त्यांनी सात दिवसांत निकाली काढायची असते. तिथं झालं नाही तर जिल्ह्याच्या ओंबड्समनकडे, म्हणजे या योजनेच्या तक्रारी ऐकायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. तक्रारीत तारखा, कार्ड नंबर आणि पावतीची झेरॉक्स असली की उत्तर येतं. 'आम्हाला काम देत नाहीत' एवढंच लिहिलं तर येत नाही.

दर सहा महिन्यांनी सामाजिक लेखापरीक्षण होतं, कन्नडमध्ये त्याला 'सामाजिक परिशोधने' म्हणतात. त्याच्या ग्रामसभेत कामं, रक्कम आणि मजुरांची नावं वाचून दाखवतात. यादी कन्नडमध्ये वाचली जाते, म्हणून कन्नड चांगलं समजणारं एखादं माणूस जवळ बसवा आणि आपल्या वाडीतल्या कामांची नावं आधीच लिहून न्या. तुमच्या नावापुढं किती दिवस लावलेत ते ऐका. गोव्याला कामाला गेलेल्या कुणाचं नाव हजेरीत ऐकू आलं, तर तिथंच उभं राहून सांगा. ते इतिवृत्तात लिहिलं गेल्याचं वाचून घ्या आणि मगच सही करा.